शिशाची जन्मखूण

बांगलादेशातल्या टांगाईल, मयमनसिंग, किशोरगंज या भागातली खेडी म्हणजे भाताची खाचरं, बांबूची बेटं आणि घरामागे एखादं तळं. २०१४-१५च्या सुमारास तिथल्या गरोदर बायकांचं रक्त तपासलं गेलं, आणि दर तिघींमागे जवळपास एकीच्या रक्तात काळजी वाटावी इतकं शिसं निघालं. आसपास शिसं वितळवणारा कारखाना नव्हता. मोठे रस्ते दूर होते, आणि पेट्रोलमध्ये शिसं घालणं तर बांगलादेशाने १९९९ मध्येच थांबवलं होतं. पत्र्याच्या आणि कुडाच्या घरांना पोपडे पडावेत असा रंग तरी कुठला असणार! मग हे शिसं आलं कुठून?

उत्तर लवकर मिळायला हवं होतं, कारण गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं वारेतून थेट बाळाच्या रक्तात उतरतं. जेना फोर्सिथ तेव्हा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करत होत्या. त्यांनी आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य-संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांमधून संशय येईल ते गोळा केलं: माती, तांदूळ, शेतातली औषधं, डबाबंद खाण्याचे डबे, स्वयंपाकघरातली हळद. पण शिसं थोडंफार अनेक वस्तूंत असतं. एखाद्या वस्तूत ते सापडलं म्हणून ती दोषी ठरत नाही. बाईच्या रक्तातलं शिसं आणि त्या वस्तूतलं शिसं यांचं मूळ एकच आहे, असं दाखवता आलं तरच गोष्ट सिद्ध होणार होती.

आणि ते दाखवता येतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलेलं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. शिशालाच विचारायचं, तू कुठला?

सगळं शिसं एकसारखं नसतं. त्याच्या अणूंचे चार प्रकार आहेत, वजनाने किंचित वेगळे: २०४, २०६, २०७ आणि २०८. त्यांना समस्थानिकं म्हणतात. रसायनशास्त्राच्या नजरेला चौघांत फरक दिसत नाही. चौघंही सारखेच वितळतात, सारखेच गंजतात, सारखेच रक्तात मिसळतात. फरक आहे तो त्यांच्या जन्मात. २०४ वजनाचं शिसं ताऱ्यांमध्येच घडलं, सूर्य आणि पृथ्वी जन्माला येण्याच्या आधी विझून गेलेल्या ताऱ्यांमध्ये. पृथ्वीवर त्याच्यात भर पडलेली नाही. बाकीच्या तिघांचा मूळ साठाही तिथलाच. पण त्यांच्यात भर पडत राहते, कारण युरेनियम आणि थोरियम किरणोत्सर्ग करत करत शेवटी शिसं होऊन थांबतात. एका प्रकारच्या युरेनियमचं २०६ होतं, आणि त्याचा निम्मा साठा संपायला साधारण ४.५ अब्ज वर्षं लागतात. दुसऱ्या प्रकारच्या युरेनियमचं २०७ होतं. ते घाईचं, ७० कोटी वर्षांत निम्मं. थोरियमचं २०८ होतं, अतिशय सावकाश: निम्मं व्हायला १४ अब्ज वर्षं, म्हणजे विश्वाच्या आजवरच्या आयुष्याहून थोडं जास्तच.

जमिनीखाली शिशाचं खनिज साठतं तेव्हा शिसं युरेनियमपासून वेगळं होतं, आणि त्या वेळी चौघांचं जे प्रमाण असेल ते तिथेच गोठतं. खनिज किती जुनं, आणि शिसं ज्या खडकांतून आलं त्यांत युरेनियम-थोरियम किती होतं, यावर ते प्रमाण ठरतं. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचं शिसं वेगळं आणि अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं वेगळं. पुढे माणूस ते वितळवो, त्याची बॅटरी करो, रंग करो, ते कुणाच्या पोटात जावो की हाडात बसो, प्रमाण बदलत नाही. भट्टीचा जाळ आणि पोटातलं आम्ल अणूच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाहीत.

याच प्रमाणांमधून क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीचं वय काढलं. अ‍ॅरिझोनात कोसळलेल्या एका लोखंडी अशनीच्या तुकड्यात युरेनियम जवळजवळ नव्हतं. त्यातलं शिसं सूर्यमालेच्या जन्मवेळी होतं तसंच राहिलं होतं. इतर अशनींमधलं आणि पृथ्वीवरचं शिसं त्याच्याशी ताडून पाहून पॅटरसननी १९५६ मध्ये आकडा प्रसिद्ध केला: ४.५५ अब्ज वर्षं. तो आजही जवळजवळ तसाच टिकून आहे.

तिथवर पोचायला त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं होतं, तेही शिशाशीच. सुरुवातीला ते झिरकॉन नावाच्या स्फटिकाचे बारीक कण तपासत. झिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला बाहेर ठेवतो. त्यामुळे आज त्यात जे शिसं सापडेल ते नंतर युरेनियमचं झालेलं, हे उघड. मोजणी सरळ व्हायला हवी होती. पण शिसं दर वेळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघे. ते प्रयोगशाळेच्या धुळीत होतं, पाण्यात होतं, काचेच्या भांड्यांत होतं, माणसांच्या केसांवर आणि कपड्यांवर होतं. पॅटरसननी हवा गाळून घेतली, रसायनं पुन्हा पुन्हा शुद्ध केली, आणि पुढे कॅलिफोर्नियात अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली. तशी प्रयोगशाळा तोवर कुणी फारशी पाहिली नव्हती. पृथ्वीचं वय हाती लागल्यावर दुसरा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना: आपल्याला छळणारं हे एवढं शिसं येतं कुठून? ग्रीनलंडच्या बर्फात, जुन्या थरांकडून नव्या थरांकडे येताना, शिसं वाढत गेलेलं आणि १९४० नंतर एकदम उसळलेलं त्यांना दिसलं. पेरू देशातल्या प्राचीन माणसांच्या हाडांत आजच्या अमेरिकी माणसाच्या शेकडो पटींनी कमी शिसं होतं. पेट्रोलमधलं शिसं धुरावाटे साऱ्या जगावर पसरत होतं. पॅटरसननी हा इशारा १९६५ मध्येच देऊन ठेवला होता, आणि तेल उद्योगाकडून त्यांच्या कामाला मिळणारा पैसा बंद झाला. ते मागे हटले नाहीत. भारतात शिसंविरहित पेट्रोल २००० मध्ये सर्वत्र आलं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, थांबायला २०२१ उजाडलं.

बांगलादेशातल्या बायकांच्या रक्तातल्या शिशाच्या चार अणूंची प्रमाणंही अशीच मोजली गेली. गोळा केलेल्या वस्तूंपैकी ज्या वस्तूशी ती सर्वांत नीट जुळली ती हळद होती. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पृथ्वी किती जुनी हे ज्या प्रमाणांनी सांगितलं, त्यांनीच खेड्यातल्या डाळीत आणि माशाच्या कालवणात पडणारी चिमूट दाखवून दिली.

हळदीच्या रोपाने ते शिसं जमिनीतून घेतलेलं नव्हतं. ते वरून लावलेलं होतं. हळद कशी तयार होते ते सांगली, हिंगोली भागातल्या वाचकांना सांगायला नको. गड्डे-हळकुंडं शिजवायची, उन्हात वाळवायची, मग ढोलात घालून फिरवायची, म्हणजे वरची खरबरीत साल निघते आणि हळकुंडाला पिवळी झळाळी येते. या पॉलिशच्या वेळी बांगलादेशात एक झगझगीत पिवळी भुकटी टाकली जाई. बाजारात तिला पेउरी म्हणतात. ती म्हणजे लेड क्रोमेट, शिसं आणि क्रोमियम यांचं संयुग. यंत्रं, फर्निचर, गाड्या रंगवायचा रंग. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांमधला पिवळाही याच कुळातला. १९८०च्या दशकात एका पुरानंतर हळद नीट वाळली नाही, काळवंडली, आणि ती खपावी म्हणून रंग लावायची रीत पडली, असं तिथल्या हळदीच्या धंद्यातल्या लोकांनी संशोधकांना सांगितलं. पूर ओसरला, रीत राहिली. गिऱ्हाईक झळझळीत हळकुंड उचलत होतं, म्हणून घाऊक व्यापारी तशीच हळद मागत होता, म्हणून पॉलिशवाला भुकटी टाकत होता. हळद पिकवणाऱ्या नऊ मुख्य जिल्ह्यांपैकी सात जिल्ह्यांत ही भेसळ आढळली. सर्वांत वाईट नमुन्यात एका ग्रॅममागे १,१५२ मायक्रोग्रॅम शिसं होतं. तिथली कायदेशीर मर्यादा २.५ मायक्रोग्रॅमची. या साखळीतल्या कुणाच्याही मनात मुलांना विष घालायचं नव्हतं, आणि तेच मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. आजारी मुलाला हळद-दूध देणाऱ्या आईच्या हातून ते मुलाच्या पोटात जात होतं.

(पुराने हळदीचं काय होतं हे सांगलीला ठाऊक आहे. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत असत. २००५च्या महापुराचं पाणी त्या पेवांमध्येही शिरलं होतं.)

शरीरात शिशाचं काहीच काम नाही. लोह लागतं, जस्त लागतं, तांबंसुद्धा किंचित लागतं. शिसं कशालाही लागत नाही. मग शरीर त्याला आत का घेतं? कॅल्शियम समजून. विरघळलेल्या शिशाच्या अणूवर कॅल्शियमइतकाच विद्युतभार असतो आणि आकारही बराच जवळचा. आपली आतडी, हाडं आणि मेंदू ज्या लाखो वर्षांत घडले, त्या काळात जवळजवळ सगळं शिसं जमिनीखाली खनिजांत अडकलेलं होतं. त्याला ओळखून वेगळं काढण्याची गरज कधी पडलीच नाही. झिरकॉनचा निर्जीव स्फटिक ज्याला बाहेर ठेवतो, त्याला वाढतं जिवंत हाड आत घेतं.

लहान मुलाचं शरीर तर कॅल्शियमसाठी आसुसलेलं असतं. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशातला साधारण दहावा हिस्सा रक्तात जातो. लहान मुलात निम्म्यापर्यंत. पोट रिकामं असेल तर शोषण वाढतं. अंगात लोह कमी असेल तर आतडी लोह टिपून घेणारी यंत्रणा वाढवतात, आणि त्याच वाटेने शिसंही आत येतं. रक्तात गेलेलं शिसं हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एका विकराची जस्ताची जागा बळकावतं आणि ते काम अडवतं. रक्तक्षय शिसं ओढतो आणि शिसं रक्तक्षय वाढवतं. एकाच अंगणात, एकाच धुळीत खेळणाऱ्या दोन मुलांपैकी अर्धपोटी मूल जास्त शिसं आत घेतं. गरीब देशांतल्या मुलांवर हा भार इतका का, याचं उत्तर कारखाने आणि कायदे यांत आहेच, पण ते आतड्याच्या अस्तरातही आहे.

मेंदूत तर कॅल्शियम निरोप्याचं काम करतं. पहिल्या काही वर्षांत मुलाचा मेंदू लागतील त्याहून कितीतरी जास्त जोडण्या घडवतो, आणि मग वापरातल्या राखून बाकीच्या काढून टाकतो. कुठली जोडणी पक्की करायची हे ठरतं ते पेशींमध्ये कॅल्शियम केव्हा आणि किती शिरलं यावरून. शिसं तिथे कॅल्शियमची दारं अडवतं आणि काही ठिकाणी त्याचा खोटा इशाराही देतं. मेंदूत छिद्र पडत नाही, जखम होत नाही. फक्त कोणतं राखायचं आणि कोणतं सोडायचं, हा निर्णय थोडा थोडा चुकत जातो. तपासायला गेलं तर मूल धडधाकट दिसतं.

म्हणूनच हे नुकसान ओळखायला इतका काळ गेला. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतलं शिसं मोजलं. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्मं होतं आणि पुरावा पुसला जातो. दात मात्र घडताना जे मिळेल ते धरून ठेवतो. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यांक कमी, लक्ष चटकन विचलित होणारं, आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांनाही ते जाणवत होतं. यांपैकी एकाही मुलाला शिशाची विषबाधा झाल्याचं कुणी म्हटलं नव्हतं.

किती शिसं म्हणजे धोक्याचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुरक्षित अशी पातळीच नाही. १०० मिलिलिटर रक्तामागे ५ मायक्रोग्रॅम झालं की कारण शोधून ते दूर करायला हवं. हा आकडा कागदावर नीट कळत नाही, म्हणून मी हिशेब करून पाहिला. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात सुमारे ९०० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे त्याच्या सगळ्या रक्तात मिळून ४५ मायक्रोग्रॅम शिसं. खाण्याच्या मिठाचा एक कण याहून जड भरेल. आणि एवढ्याशा शिशात अणू किती? एकावर सतरा शून्यं, त्याहूनही थोडे जास्त. आता बांगलादेशातल्या त्या सर्वांत वाईट हळदीकडे पुन्हा पाहा: तिच्या पाव ग्रॅमात याच्या सहापट शिसं होतं.

याहून विलक्षण गोष्ट २००५ मध्ये ब्रूस लॅनफिअर आणि इतर संशोधकांनी दाखवली. जगातल्या सात ठिकाणी, जन्मापासून नोंदी ठेवलेल्या १,३३३ मुलांची माहिती त्यांनी एकत्र केली. रक्तातलं शिसं २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर गेलं तर बुद्ध्यांक ३.९ गुणांनी घसरलेला दिसला. १० वरून २० वर गेल्यावर आणखी १.९ गुण. २० वरून ३० वर आणखी १.१. म्हणजे सर्वांत मोठा घाव पहिल्या, सर्वांत लहान मात्रेचा. विषाबद्दलची आपली साधी समजूत इथे उलटी होते. आणि यामुळेच, थोडंसं शिसं असलेली कोट्यवधी मुलं ही खूप शिसं असलेल्या काही हजार मुलांइतकीच गंभीर बाब ठरते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२०च्या अहवालाचा अंदाज असा की जगात ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. दर तीन मुलांमागे एक. त्यांतली बहुसंख्य मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, आणि सर्वांत जास्त भारतातली.

मात्रा खूप वाढली तर काय होतं ते नायजेरियाच्या झाम्फारा राज्यात दिसलं. २०१० च्या सुरुवातीला यारगलमा आणि दारेता या गावांमधली लहान मुलं पटापट दगावू लागली. झटके येत होते. आधी हिवताप, मेंदूज्वर असं वाटलं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या डॉक्टरांनी रक्ताचे नमुने परदेशात तपासून घेतले तेव्हा शिसं समोर आलं. सोन्याचे भाव वाढले होते, आणि गावकरी आसपासच्या टेकड्यांतून सोन्याचा दगड आणत होते. तो घरातच फोडायचा, पिठाच्या गिरणीत दळायचा, धुऊन सोनं वेगळं करायचं. बायका हे काम आवाराच्या आत, मुलं शेजारी खेळत असताना करत. त्या दगडात शिसंही होतं. एका वर्षात या दोन गावांतल्या पाच वर्षांखालच्या दर चार मुलांमागे साधारण एक मूल गेलं. जी वाचली त्यांच्यातल्या बहुतेक सगळ्यांच्या रक्तात ४५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं होतं.

या कहाणीत भूगर्भाचाही हात होता. शिशाचं नेहमीचं खनिज म्हणजे गॅलेना, शिसं आणि गंधक यांचं. ते पोटातल्या आम्लात सहज विरघळत नाही. पण झाम्फाऱ्यात ते खनिज जमिनीच्या वरच्या थरात हवा-पाण्याने झिजून झिजून बरंचसं शिशाच्या कार्बोनेटमध्ये बदललं होतं, आणि कार्बोनेट पोटातल्या आम्लात चटकन विरघळतं. लाखो वर्षांचं हे सावकाश रूपांतर एका पिढीच्या मुलांच्या आतड्यापर्यंत येऊन पोचलं. शिसं शरीरातून ओढून काढणारं औषध मुलांना दिलं गेलं. पण उपचार झालेलं मूल त्याच अंगणात परत पाठवणं निरर्थक होतं. म्हणून आधी अंगणाची वरची माती खरवडून काढायची, तिथे स्वच्छ माती भरायची, मग औषध. गावामागून गाव असं साफ झालं. दगड गावाबाहेर, पाणी मारून फोडायची पद्धत खाणकामगारांना शिकवली गेली. डॉक्टरांचं तिथलं काम संपायला २०२२ साल उजाडलं.

सेनेगलमधल्या डाकारजवळ थियारोय-सूर-मेर इथे जुन्या बॅटऱ्यांचं शिसं मातीत मिसळलं होतं, आणि बायका ती माती चाळून शिशाचे तुकडे वेचत. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत १८ मुलं दगावली. झांबियातल्या काब्वेला १९०२ ते १९९४ शिशाची आणि जस्ताची खाण चालली. प्राचीन मानवाची प्रसिद्ध कवटी १९२१ मध्ये याच खाणीत सापडली होती. खाण बंद झाली. तिच्या कचऱ्याचे डोंगर आणि त्यांवरून उडणारी धूळ अजून शेजारच्या वस्त्यांतल्या मुलांच्या अंगात जाते. जगातल्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के आता बॅटऱ्यांमध्ये जातं. इन्व्हर्टर, ई-रिक्षा, सौरदिवे, सगळ्यांच्या बॅटऱ्या कधी ना कधी फोडल्या जातात, आणि उघड्यावर फोडल्या गेल्या तर काय होतं ते थियारोयने दाखवलं आहे.

मुलाच्या अंगातलं शिसं काढलं तर गेलेली बुद्धी परत येते का? अमेरिकेत यासाठी ७८० मुलांवर चाचणी झाली. त्यांच्या रक्तात २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसं होतं. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना औषधासारखी दिसणारी गोळी. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं. तीन वर्षांनी दोन्ही गटांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या, तर फरक नव्हता. २००१ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. अतितीव्र विषबाधेत हेच औषध जीव वाचवतं, पण राखायच्या जोडण्यांचा चुकलेला निर्णय ते फिरवू शकत नाही. शिसं हाडात वर्षानुवर्षं राहतं, आणि मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली, अंगावर पाजू लागली, की हाडातल्या कॅल्शियमबरोबर तेही रक्तात उतरतं. याचा अर्थ, चाचणी मुलाची करण्याआधी हळदीची व्हायला हवी.

बांगलादेशात ती झाली, आणि ज्या वेगाने झाली ते वाचून मन भरून येतं. २०१९ च्या सप्टेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध झाले, वर्तमानपत्रांनी ते उचलले, आणि तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारोबाजारी सुमारे ५०,००० सूचनापत्रकं लावली: हळदीत रंग घालणं हा गुन्हा आहे. मग अधिकारी ढाक्याच्या श्यामबाजारात गेले. हातात धरायचं एक यंत्र हळदीवर टेकवायचं. त्यातून निघालेले क्ष-किरण अणूच्या अगदी आतले इलेक्ट्रॉन उडवतात, रिकाम्या जागेत बाहेरचे इलेक्ट्रॉन पडतात, आणि पडताना ते ज्या ऊर्जेचा किरण सोडतात ती प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. शिसं असेल तर काही क्षणांत आकडा दिसतो. प्रयोगशाळेत पाठवायला नको, दिवस मोजायला नकोत. व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्याच पोत्याचा आकडा. दोन घाऊक व्यापाऱ्यांना तिथल्या तिथे दंड झाला आणि त्याच्या बातम्या देशभर दिसल्या. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२० च्या सुरुवातीला ५ टक्के. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नाही. हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. तीस-चाळीस वर्षांची रीत दोन वर्षांत मोडली, कारण पेउरी घातल्याने हळदीला चव येत नव्हती, टिकाऊपणा येत नव्हता; फक्त रंग येत होता, आणि तो रंग म्हणजे काय हे एकदा सगळ्यांना कळलं होतं.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या २३ शहरांतले हळदीचे ३५६ नमुने तपासले गेले. १४ टक्क्यांत शिसं संशोधकांनी ठरवलेल्या पातळीहून जास्त निघालं. पाटणा, कराची आणि पेशावर इथल्या काही नमुन्यांत ते एका ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅमच्या पुढे होतं, म्हणजे बांगलादेशात सापडलेल्या सर्वांत वाईट हळदीच्या बरोबरीचं. आपल्या देशात मर्यादा एका ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅमची आहे. जगातली बहुतेक हळद आपण पिकवतो. बिहारच्या बाजारात जे यंत्र हवं आहे ते महाग असलं तरी दुर्मीळ नाही, आणि श्यामबाजारात त्याचा काय उपयोग झाला हे आता साऱ्या जगाला माहीत आहे.

बांगलादेशातली हळद सुटली, तरी तिथली मुलं अजून सुटलेली नाहीत. युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे तिथे साडेतीन कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं आहे, आणि हळद हे त्यांतलं एकच कारण होतं. भंगारातून ओतलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी आहेत, रंग आहेत, आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे बॅटऱ्या. बॅटऱ्यांपाशी शिशाचं मूळ शोधणं पुन्हा अवघड होतं. पुन्हा पुन्हा वितळवलेल्या शिशात अनेक खाणींचं शिसं एकत्र आलेलं असतं. चार अणूंची वेगवेगळी प्रमाणं एकमेकांत मिसळून सरासरीकडे सरकतात, आणि ‘तू कुठला?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळत नाही. तिथे यंत्र घेऊन भट्टीपासून पावलापावलाने माती मोजत जावं लागतं, घरांच्या उंबऱ्यापर्यंत.